आधी जमीन

आमच्या शाळेत मुलींना कागद मळवल्याबद्दल मार्क मिळायचे, हे बाहेर सांगितलं तर कुणाला खरं वाटत नसे. मी त्याच शाळेत गणित शिकवत होते. म्हणजे वहीत खाडाखोड दिसली की अर्धा मार्क कापणारी बाई. आणि माझं नशीब असं, की माझ्या वर्गाला लागूनच चित्रकलेची खोली होती. तिकडून दासरीबाईंचा आवाज यायचा, "मळवा गं. कोरा ठेवू नका. कोऱ्या कागदाला कोण भितंय, तिला मी बघते." पाठोपाठ बादल्यांचा आवाज, मुलींचं खिदळणं, आणि माझा अख्खा वर्ग लसावि सोडून भिंतीला कान लावून बसलेला. पहिल्या वर्षी मी मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे, दोनदा तक्रार केली. दुसऱ्या वर्षापासून माझाही कान भिंतीकडे जायला लागला.

अनसूया दासरी हे त्यांचं नाव. बुटक्या, सावळ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, अंगावर नारायणपेठी साडी. हाताची दहा नखं कधी एका रंगाची दिसली नाहीत. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि दोन्ही भाषा सारख्याच मोठ्यानं. सोलापूरच्या साखर पेठेत हातमागाच्या खडखडाटात वाढलेल्या. अशा घरातली माणसं कानात सांगायची गोष्टसुद्धा गल्लीला ऐकू जाईल अशी सांगतात. स्टाफरूममध्ये कुणाबद्दल काही कुजबुजायचं असलं की आम्ही बाईंना अगोदर चहा सांगायला पिटाळत असू.

मळवण्यामागचं कारण मात्र मला उशिरा कळलं. आमच्या शाळेत येणाऱ्या पुष्कळ मुलींच्या आया विड्या वळायच्या आणि बाप मागावर असायचे. नवा कागद, तोही ड्रॉइंगचा जाड पांढरा, त्या मुलींच्या हातात वर्षातून मोजक्या वेळा यायचा. तो बिघडला तर घरी बोलणी. त्यामुळे पेन्सिल हातात घेऊन मुली तास तासभर नुसत्या बसून राहायच्या. दासरीबाईंनी त्यावर उपाय काढला. पहिलं काम कागद बिघडवणं. एकदा सगळ्यांचा बिघडला की पुढं बिघडायला काही उरत नाही, मग हात मोकळा चालतो. बाईंचा हिशेब साधा होता आणि बरोबर होता.

बिघडवण्याचीही एक रीत होती, उगाच फासाफाशी चालायची नाही. दुष्काळाच्या वर्षी नळाला दिवसाआड पाणी यायचं, तेव्हा ब्रश धुतलेलं गढूळ पाणी ओतून देणं बाईंच्या जिवावर आलं. तेच पाणी त्यांनी पहिला हात म्हणून कागदावर द्यायला लावलं. पुढं पाऊस झाला, नळ सुरळीत झाले, पण पहिला हात गढूळ पाण्याचाच राहिला. तो वाळला की वर कांजी यायची. कांजी म्हणजे विणण्याआधी सुताला देतात ती पिठाची खळ. बाई तीत रंग कालवून कागदावर थापायच्या आणि ती ओली आहे तोवर मुलींनी तिच्यात काय वाटेल ते दाबायचं. दात पडलेला कंगवा, पोत्याचा तुकडा, विडीचं पान, ज्वारीचा कोंडा. वाळल्यावर पॉलिशपेपरनं हलकं घासायचं, की खालचा थर इथं तिथं डोकावू लागतो. मग कोरड्या ब्रशनं वरून एक हात. हे सगळं झाल्यावर त्या कागदावर काढायचं, चिकटवायचं, जे करायचं ते. या सगळ्या तयारीला बाई जमीन म्हणायच्या. "आधी जमीन," हे त्यांचं पालुपद होतं. घाई करणाऱ्या मुलीला, उशीर करणाऱ्या मुलीला, आणि एकदा लग्नाला नकार द्यायला घाबरणाऱ्या एका माजी विद्यार्थिनीलाही त्यांनी हेच ऐकवलं होतं.

प्रत्येक ओरखड्याचा मात्र त्या जाब विचारायच्या. मुलीच्या मागं उभं राहून बोट ठेवायच्या, "अम्मा, हे का केलं?" 'असंच' हे उत्तर चालत नसे. 'शेजारणीनं केलं म्हणून' हेही नाही. 'इथं लई गुळगुळीत वाटत होतं, मला आवडलं नाही,' असं कुणी म्हणालं की बाई खूष. वरवर गोंधळ दिसणाऱ्या त्या खोलीत माझ्या वर्गाइतकीच शिस्त होती. हे मान्य करायला मला वेळ लागला, कारण मला वाटायचं शिस्तीचा मक्ता गणिताकडे आहे.

एकदा एका मुलीचा बाप भांडायला आला. चादरीच्या मागावर काम करणारा, पाळी सुटल्या सुटल्या केसांत कापूस घेऊनच आलेला. पोरगी चहाचा चोथा कागदाला फासते, परकर रंगवून येते, असलं घाण करायला शाळा कशाला पाहिजे, ते घरीही होतंच की, असं त्याचं म्हणणं. आवाजात तोही मागावरचाच, त्यामुळे दोघांचं बोलणं सगळ्या शाळेनं ऐकलं. बाईंनी त्याला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, चादरीवर फूल काढता, ते पहिल्यांदा काढता काय? तो म्हणाला, आधी उभ्या सुताचा ताणा लावावा लागतो, कांजी द्यावी लागते, मग फूल.

"फूल आधी का काढत न्हाई?"

"हवेत काढू काय बाई?"

"मग तुमच्या पोरीनं हवेत काढावं काय?"

तो उठून निघून गेला. पुढच्या आठवड्यात सायकलच्या कॅरिअरला एक गठ्ठा बांधून परत आला. चादरीतलं नक्षीकाम ज्यांच्यावरून उतरतं ती भोकाभोकांची पुठ्ठ्याची कार्डं होती, जकार्ड मागावरची, फाटून बाद झालेली. ती ओल्या कांजीत दाबली की ठिपक्यांच्या रांगाच्या रांगा उमटायच्या. बाईंचा आनंद असा, की त्यांनी त्या दिवशी पाचवीपासून दहावीपर्यंत सगळ्या वर्गांना ठिपकेच करायला लावले.

टाकाऊ वस्तू मागायची त्यांना जराही लाज नव्हती. माझ्या घरातला फुटका कंगवा, जुन्या परकराची लेस, तागाची पिशवी, झिजलेला खराटा, सगळं बाईंच्या खोलीत गेलं. आमचे यजमान म्हणायचे, मला कधी नेणार आहेत तेवढं विचारून ये. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाई आमच्याकडे आल्या होत्या. बैठकीतल्या भिंतीला ओल येऊन पापुद्रे सुटले होते, म्हणून मी तिथं मुद्दाम मोठं कॅलेंडर लावलं होतं. बाईंनी आल्या आल्या कॅलेंडर उचललं आणि मागं बघत उभ्या राहिल्या. बाकीच्या बायका वाण घेऊन गेल्या तरी या तिथंच. नखानं पापुद्रा उचलून खाली निळा, त्याखाली पिवळा, त्याखाली पुन्हा निळा असं मला दाखवत होत्या, आणि भिंतीला चुना लावू नका म्हणून विनवत होत्या. मी अर्थातच दिवाळीत चुना लावला. नंतर बाई एकदा आल्या, भिंतीकडे बघितलं आणि चहा न घेता गेल्या. खरंच रागावल्या होत्या. मला तेव्हा हसू आलं होतं. पण त्या चुन्याची भिंत पुढं कितीतरी वर्षं मला उगाच बोडकी वाटत राहिली.

मग शाळेचा नवा हॉल बांधला गेला, तिथपासूनची गोष्ट सांगायलाच हवी, कारण दासरीबाई पुऱ्या कळायच्या तर त्या तिथंच कळतात.

हॉलच्या रंगमंचामागची भिंत मोकळी होती. तिथं मोठं चित्र असावं असं ठरलं. संस्थेचे चिटणीस कापडाचे व्यापारी, व्यवहाराला चोख. त्यांना बाहेरून पेंटर आणून डोंगरामागून उगवणारा सूर्य काढून घ्यायचा होता. शिवाय चित्रकलेच्या खोलीवर त्यांचा कधीचा डोळा होता, तिथं टायपिंगचा वर्ग काढायचा होता. मुलींना पोटापाण्याचं काही शिकवा, असं ते म्हणायचे, आणि त्यात त्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही. मोठ्या बाईंनी दासरीबाईंची बाजू घेतली. तेव्हा चिटणीस म्हणाले, ठीक आहे, करून दाखवा. चित्र उभं राहिलं तर खोली तुमची, नाही तर टायपिंगची. बाई म्हणाल्या, चालेल. खोली गेली तर चित्रकला व्हरांड्यात येणार होती, म्हणजे बादल्या, कांजी, वाळत घातलेले कागद सगळं संपणार होतं. हे बाईंना माहीत होतं आणि तरी त्यांच्या 'चालेल'मध्ये कुठं कंप नव्हता.

संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेच्या आधी हॉलचं उद्घाटन व्हायचं होतं. बाईंनी श्रावणात काम सुरू केलं. भिंतभर प्लायवूड ठोकून घेतलं आणि आधी जमीन. त्यांना सोलापूरची एप्रिलमधली दुपार पाहिजे होती. डोळे दिपवणारी, पांढरी. म्हणून त्यांनी कांजीत चुना कालवला. आता कांजीत मोरचूद घालतात. निळे खडे असतात, विषारी, त्यामुळे किडा-उंदीर पिठाला तोंड लावत नाही. बाईंचे वडील सकाळी गल्लीत ताणा पसरून, भल्यामोठ्या कुंच्यानं त्याला कांजी देत फिरायचे. ते म्हणायचे, मोरचूद विसरशील तर तुझ्या आधी उंदीर लुगडं नेसतील. हे बाईंनीच मला शंभरदा सांगितलेलं. पण चुन्यात मोरचूद पडलं की सगळं निळं होतं. बाईंनी एका फळीवर करून पाहिलं, पांढरी दुपार निळी झाली, आणि त्यांनी मोरचूद बाजूला ठेवलं. आमचे शिपाई मारुतीमामा माळशिरसकडचे. ते शिडी धरून उभे असायचे. ते म्हणाले, "बाई, पीठ हाय त्यात. उंदरं सोडत न्हाईत."

"उंदरांना चित्रातलं काय कळतंय मामा," बाई म्हणाल्या, आणि आम्ही सगळे हसलो.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत जमीन झाली. काय झाली होती म्हणून सांगू. मला चित्रातलं कळत नाही, पण त्या भिंतीसमोर उभं राहिलं की पायांना चटका बसेल असं वाटायचं. अगदी पांढरी, तरी जवळ गेलं की सुताचे धागे, कार्डांचे ठिपके, फणीच्या बारीक रेघा. चिटणीस येऊन विचारून गेले, चित्र कधी सुरू करणार? बाई म्हणाल्या, चालूच आहे की. चिटणिसांनी कोऱ्या दिसणाऱ्या भिंतीकडे बघितलं आणि माझ्याकडे. मीही मान हलवली, दुसरं काय करणार.

सुट्टीनंतर मारुतीमामांनी हॉल उघडला आणि आम्हाला बोलवायला धावत आले. उंदरांनी सुट्टीभर यथास्थित फराळ केला होता. हात पोहोचतो त्या उंचीपर्यंत जमीन कुरतडलेली, कुठं प्लायवूड उघडं, कुठं पापुद्रे लोंबताहेत, आणि तेवढ्या भागभर दातांच्या रेघाच रेघा. जमिनीतलं सूत ओढून नेऊन त्यांनी शाळेच्या हार्मोनियममध्ये घरं केली होती. मला रडू आलं. बाईंना आलं नाही. त्या खाली बसल्या, कुरतडलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाल्या, "आमचे नायना बरोबर होते." नायना म्हणजे त्यांचे वडील.

चिटणिसांना हे कळायला वेळ लागला नाही. नेमके तेव्हा रेखाकलेच्या परीक्षेच्या कामानं मुंबईचे एक चित्रकार शाळेत आले होते, मोठे नावाजलेले. पेंटर कुठला आणावा ते त्यांनाच विचारावं म्हणून चिटणीस त्यांना हॉलमध्ये घेऊन आले. मोठ्या बाई, मी आणि दासरीबाई मागं उभ्या. पाहुणे भिंतीपाशी गेले, चष्मा काढून अगदी नाक लावून बघितलं, मागं आले, पुन्हा जवळ गेले. आणि मग जे बोलायला लागले ते थांबेनात. असा पोत आपण फार क्वचित पाहिला, थर उलगडून दाखवायला केवढं धैर्य लागतं, दुष्काळात भेगाळलेली भुई इतक्या थोडक्यात कुणी मांडली नसेल, असलं पुष्कळ. यावर आता फार काही काढूच नका, म्हणाले, मुंबईत दाखवू या. चिटणिसांचा चेहरा बघता बघता उजळला. बाहेरचा पेंटर गेला, टायपिंग गेलं, खोली वाचली, हे मला त्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. बाईंनी नुसतं गप्प बसायचं होतं. मी त्यांच्या साडीचा काठ धरून ओढलाही.

"हे मी केलेलं न्हाई साहेब," बाई म्हणाल्या. "उंदरांनी खाल्लंय. कांजीत मोरचूद घालायला पाहिजे होतं, मी घातलं न्हाई. चूक माझी, काम त्यांचं."

पाहुणे आधी हसले. मग म्हणाले, हरकत काय, अपघातातूनही कला होते, ठेवा असंच. चिटणीसही म्हणाले, ठेवा. मोठ्या बाई म्हणाल्या, अनसूयाबाई, ठेवा की. बाईंनी नाही म्हणून मान हलवली.

"मी पोरींना विचारते, हा ओरखडा का काढलास म्हणून. उद्या त्यांनी मला विचारलं तर मी काय सांगू? उंदरांना भूक लागली होती, एवढंच ना."

पाहुण्यांनी खांदे उडवले. चिटणिसांचा चेहरा पुन्हा व्यापाऱ्याचा झाला. उद्घाटनापर्यंत चित्र पुरं झालं नाही तर सूर्योदयाचा पडदा सोडीन, म्हणाले, आणि खोलीचं ठरल्याप्रमाणे होईल. मी हॉलच्या पायऱ्यांवर बाईंना गाठून वाट्टेल ते बोलले. खरेपणा कुठं दाखवावा याला काही धरबंध असतो, मुलींची खोली तुमच्या हट्टापायी घालवाल, असंही म्हणाले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "तुमच्या मुलीनं उत्तर बरोबर आणलं आणि रीत शेजारणीची उतरवली, तर किती मार्क देता?" शून्य देते, हे त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक वर्गात जाऊन त्यांनी मुलींना उभ्यानं सांगितलं, "माझं चुकलं. मला माहीत होतं आणि तरी मी केलं न्हाई." शिक्षकानं असं सांगायचं असतं हे मी तोवर पाहिलं नव्हतं. नंतर उलथनी, खुरपी, जे मिळेल ते घेऊन खरवडणं सुरू झालं. मुली, मारुतीमामा, आणि शेवटी मीसुद्धा. खालच्या उजव्या कोपऱ्यात बाई स्वतः बसल्या आणि तिथं दुसऱ्या कुणाला येऊ दिलं नाही. मला वाटलं, अपमान झालाय, बसू दे एकटं.

हॉलच्या मागं चूल मांडून दुष्काळात मुलींसाठी सुकडीचा खाऊ शिजायचा त्या पातेल्यात नवी कांजी शिजली. या खेपेला मोरचूद पहिलं पडलं. चुन्याला बाईंनी साफ फाटा दिला, पांढऱ्या दुपारीचा हट्ट सोडला. गेरू घेतला, काजळी घेतली, आणि मारुतीमामांनी गावाकडच्या शेतातली काळी माती पोतं भरून आणली. वडिलांचा कुंचा बाईंनी घरून आणला. रंगमंचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत, हात न उचलता त्यांनी कांजी दिली, तेव्हा त्या बुटक्या बाई कुणीतरी उंच माणूस चालावं तशा चालत होत्या. एक तुकडा पुठ्ठ्यावर करून शनिवारी दुपारी त्यांनी उंदरांच्या बिळापाशी ठेवला. सोमवारी तो जसाच्या तसा होता. बाईंनी तो स्टाफरूममध्ये आणून सगळ्यांना दाखवला, म्हणाल्या, "परीक्षकांनी पास केलंय."

मग चित्र असं भरभर उभं राहिलं, की मला श्रावण ते दिवाळी काय चाललं होतं ते तेव्हा कळलं. हात बसला होता, दुसऱ्यांदा अडायला जागाच नव्हती. तांबड्या-काळ्या जमिनीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत खऱ्या सुताचा ताणा ताणलेला, गल्लीत पसरतात तसा. त्याच्या दोन्ही अंगांना माणसं, घरं, दुकानं. मुलींनी घरून आणलेल्या चादरीच्या किनारी, विडीच्या पानांची कात्रणं, बसची तिकिटं, जकार्डाची कार्डं, ज्वारीची धाटं, सगळं चिकटवलेलं. आणि सगळीकडे खालची जमीन दिसत होती, कुठंही झाकून टाकलेली नव्हती.

उद्घाटनाला मुलींच्या आया-बाप आले होते. पुष्कळजणी जवळ जाऊन हातच लावत होत्या, आणि चिटणीस नका नका म्हणत फिरत होते, तर बाई त्यांच्या मागून लावा लावा म्हणत होत्या. प्रमुख पाहुणे कुणी पुढारी होते. खालच्या उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढा एक निळसर तुकडा होता, सगळ्या चित्रात तेवढाच निळा. त्यावर बोट ठेवून ते भाषणात म्हणाले, आणि हे आपलं सिद्धेश्वराचं तळं किती सुंदर साधलंय पाहा. टाळ्या पडल्या. मी गणिताची बाई, मला तळं भलत्याच दिशेला गेलेलं दिसत होतं, पण चित्रकाराला तेवढी सूट असते म्हणून मी गप्प बसले. बाई पायाच्या अंगठ्याकडे बघत होत्या. समारंभ संपल्यावर चिटणीस खुषीत येऊन म्हणाले, आता कोपऱ्यात सही करून टाका. बाई म्हणाल्या, केलीय की. चिटणिसांनी वाकून वाकून शोधली, त्यांना सापडली नाही. मलाही नाही.

खोली वाचली, पण व्यापाऱ्यानं शब्द पाळताना थोडी घासाघीस केलीच. मधे फळ्यांचं पार्टिशन पडलं, अर्धी खोली चित्रकलेला, अर्धी टायपिंगला. बाईंनी आठवड्याच्या आत पार्टिशनवर जमीन करून टाकली, आणि पलीकडच्या टकटकीवर मुलींना ठिपके मारायला लावले. सहावी-सातवीच्या मुली हसत हसत ठिपके मारायच्या आणि माझा वर्ग पुन्हा भिंतीला कान लावायचा.

त्यानंतर काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. मुलगा भिवंडीला मागांच्या कामात होता, त्याच्याकडे जायचं ठरलं. शेवटच्या दिवशी शाल-नारळ झाला, भाषणं झाली, मुली रडल्या. सगळे पांगल्यावर बाईंनी मला हॉलमध्ये बोलावलं. मारुतीमामा तिथंच सतरंज्या गुंडाळत होते. बाई गुडघ्यावर हात देत कोपऱ्यात खाली बसल्या, मला बसायला लावलं, आणि माझा हात धरून त्या निळ्या तळ्यावर ठेवला. पाणी म्हणून गुळगुळीत लागेल असं मला वाटलं होतं. हाताला बारीक, जवळजवळच्या रेघा लागल्या. दातांच्या.

"तेवढं खरवडलं न्हाई," बाई म्हणाल्या. "वरून मोरचुदाचं पाणी दिलं, म्हणून निळं झालं. तळं त्यांनी म्हटलं, मी कुठं म्हटलं? बाकी सगळी जमीन माझी हाय. माझी कुठवर आणि त्यांची कुठनं, ते दिसायला पाहिजे की."

सही शोधायला आम्ही इतकी वर्षं वाकत होतो ती हीच, हे मला तेव्हा उमगलं. त्या दिवशी पायऱ्यांवर मी यांना हट्टी म्हटलं होतं. पाहुण्यांच्या तोंडची सगळी स्तुती यांनी खरवडून टाकली होती, आणि स्वतःची चूक तेवढी जपून ठेवली होती, सही करायच्या जागी. मला फार प्रेम वाटलं त्यांच्याबद्दल, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. बाईंनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्या पदरानं निळ्या तुकड्यावरची धूळ पुसत होत्या.

मग मोठ्यानं, मारुतीमामांना सांगितलं, "मामा, दर श्रावणात एक हात मोरचुदाचा. विसरायचं न्हाई."

"न्हाई इसरत बाई," मामा म्हणाले.

बाई उठल्या. वडिलांचा कुंचा वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता, तो एका काखेत घेतला. दुसरा हात व्हरांड्याच्या भिंतीवर ठेवला आणि तो न उचलता, बोटांनी भिंत चाचपत, फाटकापर्यंत चालत गेल्या. फाटकाच्या खांबापाशी थांबून त्यांनी नखानं चुन्याचा एक पापुद्रा सोडवला, खाली कुठला रंग आहे ते बघितलं, आणि रस्ता ओलांडला.